दिवठाण्याचा फुटका बांध

तो समोर दिसतोय ना, तो बांध. मधोमध खिंडार पडलंय, त्यातून गुरं ये-जा करतात. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, एवढा दगड रचलाय, मग ते भगदाड बुजवत का नाही? नाही बुजवणार. कारण सांगतो, पण आमच्या पूर्वजांबद्दल काही चांगलं ऐकायला मिळेल अशी आशा धरू नका.

फार जुनी गोष्ट. दिवठाण्यात तेव्हा हैबती पाटलाचा शब्द चालायचा. गावाला पाण्याचे हाल होते, म्हणून पाटलानं टेकडीच्या पायथ्याशी विहीर खणायचं ठरवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटा लिंबाजी कोष्टी उठला आणि म्हणाला, "तितं पानी लागायचं न्हाई. निस्ता खडक हाय." लोकांनी खणलं, आणि पाणी लागलं. गोड आणि भरपूर. म्हणजे लिंबाजी साफ चुकला होता. हे नीट ऐका, कारण बाहेरची माणसं ही गोष्ट सांगताना त्याला उगाच शहाणा करून टाकतात.

माणूस चुकला तर थोडं हसावं आणि सोडून द्यावं. पण आमचे थोर पूर्वज! त्यांनी त्याच्या तोंडाला काळं फासलं, त्याच विहिरीचं पाणी त्याला बंद केलं. त्याच्या मागावरचं लुगडं कुणी घेईना. शेवटी बायकोला घेऊन तो गाव सोडून गेला. मग सगळ्यांनी यमाईच्या देवळात बेल-भंडारा उचलला, की यापुढे दिवठाण्यात एकच मत. केवढा अभिमान वाटला म्हणे त्यांना! मेंढरांच्या कळपातूनही एखादं मेंढरू बाजूला जातं. हे तेवढेही नव्हते.

पुढे पाटलानं हा बांध घालायला काढला. पाया ठिसूळ मुरमावर. पाणी साठायला लागलं तसं खालून पाझरू लागलं. सुतारानं पाहिलं, गुरवानं पाहिलं, पाणवठ्यावरच्या बायांनी पाहिलं. एकाही दीडशहाण्यानं तोंड उघडलं नाही. लिंबाजीचे हाल सगळ्यांनी पाहिले होते. उलट पाटील बांधावर आला की वाहवा करायची चढाओढ लागायची.

श्रावणात बांध फुटला. पाटलाची मुलगी चिमा खाली धुणं धूत होती. ती सापडली ती पार नदीच्या वळणावर, असं सांगतात.

सुतक फिटल्यावर पाटलानं गाव गोळा केलं आणि एकेकाला समोर उभं करून विचारलं, "तुला पाजर दिसला हुता?" प्रत्येकानं मान खाली घालून तेच सांगितलं. दिसला होता. काय सांगू, तिथंही एकमत!

पाटील उठला, आणि लिंबाजीला शोधत परगावी गेला. लिंबाजीला वाटलं, हा राहिलेलं उट्टं काढायला आला. तो हात जोडून म्हणाला, "मी चुकलो हुतो, पाटील. हिरीला पानी लागलं. आता आनि काय पायजे?"

"चुकायलाच चल," पाटील म्हणाला. "पर बोल. माज्यासमूर येकजन जरी बोलला असता, तर माजी चिमी वाचली असती. आन बोलनाऱ्याला मीच हाकललं."

लिंबाजी परत आला. पाटलानं भर सभेत त्याचे पाय धरले आणि यमाईपुढे जुनी शपथ मोडून नवी घातली.

ती आजही पाळतो आम्ही. सभेत सगळ्यांच्या माना एकदम डोलल्या, की ठराव होत नाही. कुणीतरी विरोधात बोलावं लागतं, आणि तो आपणहून खाली बसेपर्यंत बाकीच्यांनी गप्प ऐकायचं. बहुतेक वेळा तो मूर्खासारखंच बोलतो. तरी मी ऐकतो, कपाळाला हात न लावता. तालुक्याहून साहेब येतात आणि एकमतानं ठराव करून द्या म्हणतात. त्यांना आम्ही इथं, या खिंडारापाशी आणून उभं करतो. दिवठाण्यानं एकमतानं केलेलं शेवटचं काम हेच आहे.