शिंगरू आणि लाथ

जत्रेत सुभेदारानं सटवाजीच्या गाभण घोडीचा सौदा केला. लगाम सकाळी हाती द्यायचा होता, पण घोडी पहाटेच व्याली. सकाळी सुभेदार शिंगराला हात लावायला गेला, तशी घोडीनं त्याला लाथ घातली.

सुभेदार गरजला, "सौदा झालाय, म्हणून शिंगरू माझं! पण लगाम तुझ्या हातात, म्हणून लाथेचा गुन्हा तुझा. याला कड्यावरून लोटा!"

शिपायांनी सटवाजीचे दंड धरले.

"सरकार," तो कसाबसा म्हणाला, "घोडी माझी असेल, तर मला लोटा, पण मग माझ्यामागं शिंगरू माझ्या बायकोचं. घोडी तुमची असेल, तर लाथही तुमच्याच घोडीची."

सुभेदारानं गुडघा चोळत शुभलक्षणी, पंचकल्याणी शिंगराकडे पाहिलं. "सोडा त्याला."

सटवाजीनं लगाम पुढं केला. तो घ्यायला सुभेदार काही जवळ येईना.