क्लोरीन गळालं तर

नगरपालिकेच्या पाणी शुद्धीकरण केंद्रावरचा सुदाम कोष्टी इतका घाबरट, की झुरळ दिसलं तरी बायकोला हाक मारायचा. त्याची परवान्याची तोंडी परीक्षा होती. नापास झाला, तर नोकरी जाणार होती.

परीक्षक रेगेसाहेबांनी दरडावून विचारलं, "क्लोरीनचं सिलिंडर गळतंय. काय कराल?"

"पळेन, साहेब."

"भित्र्यांना आम्ही परवाना देत नाही!"

तरी सुदाम म्हणाला, "साहेब, मी जात्याच भित्रा. म्हणून आधी वारा कुठून येतोय ते बघेन आणि सगळ्यांना ओरडून सांगत तिकडेच पळेन. मास्क चढवल्याशिवाय परत फिरकणार नाही. एखादा शूर तसाच आत शिरला, तर त्याच्या जागेसाठी तुम्हाला पुन्हा परीक्षा घ्यावी लागेल."

साहेबांना हसू आवरेना. सही करत ते म्हणाले, "कोष्टी, असेच भित्रे राहा."