वारुळाचा वास

त्या वारुळात उजेड कधी शिरत नसे, त्यामुळे तिथं कोणी कोणाचा चेहरा पाहत नसे. मिशा लावायच्या, अंग हुंगायचं. वारुळाचा वास आला तर आपला, नाही आला तर परका. आत जन्मलेल्यांना हा वास आपसूक मिळे. बाहेरून आलेल्यांना तो राणीच्या दालनातून मिळायचा, आणि कधी मिळायचा ते दालनच ठरवी.

सगुणामावशी ही दाराजवळ राहणारी पोक्त मुंगी. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या तोंडात काय होतं, हे कळल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे. सुभान नावाचा कोवळा मुंगळा दाराशी आला, तेव्हा पहिली चौकशी तिचीच.

"कुठला रे तू?"

"ओढ्यापलीकडचा. आमचं वारूळ वणव्यात गेलं, मावशी."

"आणि घरचं कोण?"

"आई. तिकडं बोरीच्या मुळाशी बसलीय. मला वास मिळाला की तिला आत आणता येईल."

कायदा तसाच होता. त्यात तांबड्या मुंग्यांची फौज रानात उतरलेली, म्हणून दालनानं सांगून ठेवलं होतं की जो पलटणीत जाईल त्याला वास आधी. सुभान त्याच दिवशी पलटणीत गेला.

रोज लढून सगळे परतत. बाकीचे सरळ आत शिरत, सुभान दारात अडे. दगडू पहारेकरी त्याला पुढून-मागून हुंगे. "लढतोस झकास, पाहुण्या. पण वास अजून ओढ्यापलीकडचाच!"

सुभान हसे. मावशीचं टाळकं सणके. "मेल्या, काल तुझ्या भावाला ओढून कोणी आणलं?"

"भाऊ माझा, मावशी. नियम दालनाचा."

मावशी मग एखादी कणी तोंडात धरून बोरीकडं जाई. तांबड्यांची रांग तिथून हाकेच्या अंतरावर आली होती. म्हातारीचं कणीकडं लक्षच नसे. ती मावशीच्या अंगाला मिशा लावून बसे. "तुम्ही आत्ता त्याच्यापाशी होतात ना? त्याचा वास आहे तुमच्या अंगाला. जरा थांबा हो."

"अहो, आता मिळेलच त्याला," मावशी म्हणे. आणि परतताना सगळ्या वाटेनं दालनाच्या नावानं बोटं मोडी.

एका दुपारी तांबड्या थेट दारावर आल्या. पलटण मागं हटली, धडाधड आत शिरू लागली. सुभान सगळ्यांत शेवटी होता. तो दारात पोचला आणि दगडूच्या मिशा सवयीनं आडव्या झाल्या.

"अरे, घे की आत त्याला!" मावशी आतून ओरडली.

दगडू हुंगत राहिला. तेवढ्यात तांबड्या सुभानच्या पायांना भिडल्या. त्यानं आत पाहिलं, बाहेर पाहिलं, मग वळला आणि डोकं बाहेर करून दार आपल्या अंगानं बुजवलं. आतल्यांना फक्त त्याची पाठ लागत होती. ती हादरत होती, पण हलत नव्हती. तांबड्या कंटाळून निघून गेल्या, तेव्हा ती हादरायचीही थांबली होती.

जो हुकूम इतके दिवस निघत नव्हता, तो घटकाभरात निघाला. सुभानला मानानं वास द्यावा. पान भरून वास आला. तो लावायचं काम मावशीनं हाताशी फक्त दगडूला घेऊन स्वतःच केलं. रडत रडत ती चोळत राहिली. "मिशांच्या मुळाशी लाव रे. पायांच्या सांध्यांत लाव. परकेपणाचा ठिपका राहता कामा नये माझ्या लेकराच्या अंगावर." दगडू खाली मान घालून सांगेल तिथं लावत होता. शेवटी त्यानं हुंगलं. "आता आपला," तो म्हणाला.

मावशी स्वतः बोरीकडं धावली. परतीच्या वाटेत तिनं म्हातारीला सगळं सांगितलं. दारात दगडू बाजूला झाला.

आत अंधारात पडलेले शिपाई ओळीनं ठेवले होते. मावशीनं तिला सुभानपाशी नेलं. म्हातारीनं त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत मिशा फिरवल्या. मग पुन्हा एकदा, सावकाश.

"हे तुमच्यातलं आहे हो," ती हळूच म्हणाली. "याच्या आईला कळवलंत का?"

आणि तिनं शेजारच्याच्या अंगाला मिशा लावल्या. मग त्याच्या पुढच्याच्या.