मागच्या काळ्या बांगडीची कहाणी

ही कहाणी मी सांगायची नव्हती. आमच्याकडे ती लेकुरवाळीनं सांगायची असते, आणि मी तर अजून नववीत आहे. पण थोरल्या काकूंचे हात पुरणात आहेत, तुम्ही सगळ्या मुठीत अक्षता धरून केव्हाच्या बसल्या आहात, आणि कहाणी मला पाठ आहे. तेव्हा हळू आवाजात सांगते. ऐका जिवतीबाई, तुमची कहाणी.

आटपाट नगर होतं. नगराला राजा होता, राजाला राणी होती, राणीला एकुलती एक लेक होती. लेकीचं नाव मैनावती, पण राणी तिला मनू म्हणे.

पाचव्या वर्षी मनूला ताप आला. अंग तव्यासारखं पोळू लागलं. वैद्य आले, नाडी पाहिली, मान हलवून गेले. मग राणीनं काय केलं? भिंतीवरच्या जिवतीपुढं पदर पसरला. मनूच्या उजव्या हातात काचेची एक काळी बांगडी भरली. म्हणाली, "आई, माझं मूल वाचव. ही बांगडी मी कधी उतरवणार नाही." तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मनू उठून बसली, पेज मागू लागली.

मग श्रावण आले, श्रावण गेले. दर श्रावणी शुक्रवारी वाड्यावर एक म्हातारी कासारीण बांगड्या भरायला येई. तुम्हांला ठाऊकच आहे, बांगड्या भरताना हात मोकळा ठेवीत नाहीत. जुनी एक मागं ठेवतात, पुढं नव्या भरतात, मग ती मागची काढतात. राणी नव्या भरून घेई. मागची मात्र काढू देत नसे.

मनूला राणी आपल्या हातानं न्हाऊ घाली, आपल्या हातानं वेणी घाली, आपल्या हातानं घास भरवी. नागपंचमीला पोरी झोके घेत. मनू गेली की म्हणत, "या मनूबाई, बसा. पण दोरी कोण धरणार? आईला आणलंय ना?" मनू खाली मान घालून परत येई.

मनूला बारावं लागलं. कासारीण आली. मनगट पाहिलं. काळी बांगडी फिरेनाशी झाली होती. म्हणाली, "राणीबाई, ही मागची आता उतरवा. लेक वाढते, काच वाढत नाही."

राणी म्हणाली, "तू बांगड्या भर. शहाणपण भरू नकोस."

"बरं बाई. घोटभर पाणी तरी द्या."

मनू उठली. राणी म्हणाली, "बस खाली, तू लहान आहेस, तांब्या सांडशील. दासी येतील, देतील." दासी आल्या नाहीत. कासारीण तहानेली गेली.

मनूला तेरावं लागलं. कासारीण आली. मनगटावर वळ उठला होता. पुन्हा तेच म्हणाली. राणीनं पुन्हा तेच उत्तर केलं. कासारणीनं पाणी मागितलं. मनू उठली, राणीनं तिला बसवलं. कासारीण तहानेली गेली.

मनूला चौदावं लागलं. आता बोटं गार पडली, निळी झाली. सुईत दोरा ओवता येईना, फुलाचं देठ धरता येईना. कासारीण आली, मनगट पाहून नुसती उसासली. राणी म्हणाली, "भरायच्या तर भर, नाहीतर वाट धर." कासारणीनं मोटली उचलली. त्या वर्षी तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही.

मग राजानं वैद्य बोलावले. वैद्य म्हणाले, "बांगडी काढा, नाहीतर हात जाईल." राणी म्हणाली, "बांगडी काढली तर लेक जाईल. मी शब्द दिलाय." एक दिवस ती जेवली नाही. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मनू तिच्यापाशी जाऊन बसली. आजवर आईपुढं ती कधी बोलली नव्हती.

म्हणाली, "आई, तू मला जगवलंस. आता माझा हात मरतोय गं."

राणी रडू लागली. इतक्यात वाड्यामागं हाळी आली, "बांगड्या घ्या, बांगड्या!" राणी अनवाणी धावली. कासारणीला हाताला धरून आत आणली. "बाई, बाई, तुझं ऐकलं नाही. आता काय करू?"

"काय करू म्हणतेस? वसा घे."

"कसला वसा?"

"तो तुला कशाला हवा? उतशील, मातशील, घाबरशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही. घाबरेन बाई, पण टाकणार नाही."

कासारीण हसली. म्हणाली, "खरं बोललीस, म्हणून सांगते. श्रावणातल्या शुक्रवारी न्हावं, माखावं. लेकीचा हात हातात घ्यावा. दोऱ्यानं त्याचं माप घ्यावं. लहान झालेली बांगडी आईनं आपल्या हातानं उतरवावी. लगेच दुसरी भरू नये. पाच श्वास हात मोकळा राहू द्यावा. त्या मोकळ्या हातानं लेक करील ते करू द्यावं. सांडलं तर सांडू द्यावं. मग मापाची बांगडी भरावी."

"ह्याचं उद्यापन कधी करावं?"

"लेक आपल्या मापाची बांगडी आपण निवडील, तेव्हा."

मग राणीनं मनूचा हात मांडीवर घेतला. ओल्या फडक्याची चिंधी बांगडीखाली सारली. वरून बांगडी दाबली. कट्ट झालं. काळी काच दोन तुकडे होऊन पदरात पडली. राणीनं डोळे गच्च मिटले आणि श्वास मोजू लागली. एक. दोन.

मनूनं बोटं मिटली, उघडली. मुंग्या आल्या, मग ऊब आली. ती उठली. रांजणापाशी गेली, तांब्या बुडवला, दोन्ही हातांनी उचलला. हात लटपटला. थोडं पाणी उंबऱ्यावर सांडलं, थोडं पायांवर सांडलं. उरलेलं तिनं कासारणीच्या ओंजळीत ओतलं. कासारीण घटाघटा प्यायली.

"तीन वर्षांची तहान होती, पोरी."

मनू लाजली. "अर्धं सांडलं."

"अर्धं पोचलं ना? पुढल्या वर्षी कमी सांडशील."

राणी डोळे मिटूनच म्हणाली, "पाच झाले का गं?"

"पाच कधीच झाले, बाई. आता वीस झाले असतील."

राणीनं डोळे उघडले. लेक समोर उभी होती. परकराचा काठ भिजला होता, हात मोकळा होता, काही म्हणता काही झालं नव्हतं. राणीला एकदम आपलीही तहान आठवली. म्हणाली, "मैनावती, मलाही दे गं पाणी." पाळण्यात ठेवलेलं ते नाव त्या दिवशी पहिल्यानं तिच्या तोंडी आलं.

मैनावतीनं आईला पाणी दिलं. राणी तिला बांगडी भरायला कासारणीकडं वळली, तो कासारीण नाही. मोटली होती, मोटलीत मापाच्या हिरव्या बांगड्या होत्या. भिंतीवर पाहते, तर जिवतीच्या कागदाला ओठांपाशी ओल आली होती. मग राणीनं हात जोडले. म्हणाली, "आई, मी तुला राखायला सांगितलं. काम झाल्यावर तुला निरोप द्यायचा राहिला होता."

पुढल्या श्रावणात कमी सांडलं. त्याच्या पुढल्या श्रावणात थेंबभर सांडलं. तिसऱ्या श्रावणात मैनावतीनं बांगड्या आपण निवडल्या, आपण भरल्या, वशाचं उद्यापन केलं. झोक्याची दोरी आपण धरली. ज्या पोरी हसल्या होत्या त्यांनाच मागून झोका दिला. राणीची भीती गेली नाही हं. पण आता ती डोळे उघडे ठेवून भीत असे. मनगटावर फिकट वळ राहिला, तो मैनावती लपवीत नसे. कोणी पुसलं तर म्हणे, "इथं माझी आई होती."

जशी जिवती तिला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. जशी तिची बोटं उबेला आली, तशी घरोघरच्या लेकींची येवोत. आयांचा श्वास सुटो, लेकींचा हात सुटो. आता अक्षता वाहा. ही साठां काचांची कहाणी पांचां श्वासां... काकू हाक मारतायत. पाहुण्या आल्या, तांब्या भरून आण म्हणतायत, मलाच म्हणतायत. आले, काकू! ही साठां काचांची कहाणी पांचां श्वासांत सुफळ सं...