बाभळीवरचं सोडलेलं घरटं

फार मागे एका बाभळीवर खार आणि सुगरणदादा शेजारी राहत. बायकोला पसंत पडलं नाही, की सुगरणदादा घरटं अर्धवट लोंबतं सोडून दुसरं विणायला घेई. एकदा खारीची पोर झिपरी तशाच घरट्यावर झोके घेताना त्याच्यासकट खाली आदळली.

"माझं घरटं तोडलं!" सुगरणदादा ओरडला.

"सोडलं होतंत ना? मग काढलं का नाहीत? पोर पडली माझी!"

"सोडलं तरी विणलं मीच होतं!"

खार गोंधळली. माफी मागावी की जाब विचारावा?

खालून झिपरी कण्हली, "आई, आधी माझा पाय बघ ना गं."

सुगरणदादाच आधी खाली पोचला. घरट्यातली गवताची पाती उपसत म्हणाला, "खारूताई, पाय नीट धर. मी बांधतो."