तळहाताखालच्या चुका

“लायब्ररी तर बसवलेली आहे, बाई. मग तिच्यातली फंक्शनं सापडत नाहीत असं का म्हणतंय?”

कौस्तुभने स्क्रीन वळवली. रक्तपेढीचा जुना संगणक सकाळी बंद पडला होता. नव्यावर तो डेटाबेसचं सॉफ्टवेअर सोर्स कोडपासून, म्हणजे मूळ प्रोग्रॅमच्या ओळींपासून, बांधत होता, आणि त्याला लागणाऱ्या तयार कोडच्या संचापाशी, त्या लायब्ररीपाशी, बांधणी दर वेळी अडत होती. ती पुरी झाल्याशिवाय दुर्मिळ गटाच्या रक्तदात्यांची नावं उघडणार नव्हती. वरच्या मजल्यावर एक बाळंतीण रक्ताची वाट पाहत होती.

त्याला हे काम शिकवणाऱ्या हेमलताबाई स्टुलावर बसल्या. चष्मा पुसला.

“कुठे बसवलीस?”

“रीतसर बसवलीच. शिवाय जुन्या संगणकाच्या डिस्कवरची प्रतही उचलून दिसेल त्या फोल्डरमध्ये टाकली. चुकायला जागाच ठेवली नाही.”

“हं... आणि मग?”

“मग शेकडो चुका. ही शेवटची बघा, काही अर्थच लागत नाही.”

बाईंनी ती पाहिली नाही.

“पार वर ने.”

चुका सरसर उलट्या धावल्या. जिथे त्या सुरू होत होत्या, तिथे बाईंनी तळहात आडवा धरला. वरची एकच ओळ उघडी राहिली.

“वाच.”

“ही नुसती सूचना आहे, बाई. चूक नाही.”

“वाच.”

त्याने वाचलं. लायब्ररीची नवी आवृत्ती हवी होती, जुनी सापडली. पुढे फोल्डरचं नावही होतं. जुनी प्रत तिथे त्यानेच ठेवली होती.

सकाळपासून यंत्र हेच सांगत होतं. न चिडता, दर वेळी त्याच शब्दांत.

त्याने टाकलेल्या प्रती एकेक करून काढल्या. शेवटच्या प्रतीपाशी हात अडला.

“ही पण?”

“तूच ठेवलीस ना?”

त्याने ती काढली. बांधणी पुन्हा सुरू केली. ओळी वाहत राहिल्या, वाहत राहिल्या, आणि शांतपणे थांबल्या. एकही चूक नव्हती.

मग नावं उघडली. माणसांची, त्यांच्या गावांसकट. नर्सने त्यांतल्या एकाला फोन लावला. पलीकडून कुणीतरी म्हणालं, “निघालोच.”

कौस्तुभ त्या नावांकडे बघत राहिला. बोलला तेव्हा आवाज खाली आला होता.

“बाई... परत असं बिघडलं तर?”

बाईंनी शेजारचा रिकामा संगणक सुरू करून त्याच्यापुढे सरकवला.

“तूच बिघडव, तूच सुधार. मी बघते.”