पायाला बांधलेला धागा

किडे-मुंग्या एकमेकांशी बोलायचे, तेव्हाची गोष्ट. पेरूच्या झाडावर एक कोळीण जाळ्याच्या मधोमध राहायची. तेच तिचं घर आणि तिथंच तिचं काम. धागा हलला की ती धावायची. वारा आला तरी धावायची, पान पडलं तरी धावायची. होता होता ती इतकी थकली, की तिचेच पाय थरथरायला लागले. त्यानं जाळं हलायचं आणि ती पुन्हा धावायची.

बुंध्यावरची गोगलगाय म्हणाली, "अगं, जीव जाईल तुझा. जरा बाजूला जाऊन पड."

"तुला बोलायला काय जातंय? माझं घर आणि काम एकाच जागी!"

"माझं तर घर पाठीवरच असतं. पण आत शिरले की मी दार लावून घेते."

कोळिणीनं एक पान वळवून खोली केली. पण जाताना जाळ्याचा एक धागा पायाला बांधून नेला. डोळा लागतो न लागतो तोच धागा हलला.

"हे कसलं दार लावणं?" गोगलगाय वैतागली. "तो धागा सोड आधी."

"आणि माशी निसटली तर?"

"जाळं तूच विणलंयस ना?"

 कोळिणीनं पायाचा धागा सोडला आणि ती गाढ झोपली.

सकाळी बाहेर येऊन बघते, तर माशी जाळ्यातच होती.